सहाव्या ग्रहाचा ठिपका

सोमवार, दि. ६ मार्च २०२३ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या भाच्याने, म्हणजे वेधशाळेच्या विद्यमान प्रमुखाने, माझ्या आलेखावरचा एक ठिपका भर बैठकीत खोडरबरने पुसला. त्यासाठी हे मृत्युपत्र. मी त्याच वेधशाळेतली निवृत्त गणक, वय एकाहत्तर. पूर्ण शुद्धीत आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही. रागात मात्र आहे. त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. मुलाचा राग आईवर काढायची माझी रीत नाही. स्वयंपाकघराची खिडकी वाजते, कागदाची घडी लावावी.

२. दुर्बीण शेजारच्या शिंपीणबाईंना. त्या आधी बघतात, मग बोलतात.

३. वह्या. एका दूरच्या ताऱ्याभोवती पाच ग्रह ताल धरून फिरतात: आतल्याच्या तीन फेऱ्या होतात तोवर त्याच्या बाहेरच्याच्या दोन. पाचव्याची फेरी अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे सहावा असलाच तर त्याची बेचाळीस. १२ जानेवारीला, एखादा ग्रह समोरून आडवा गेला की घटतो तसा, ताऱ्याचा उजेड किंचित घटला. पाचांपैकी कोणाचीच ती वेळ नव्हती. मी ठिपका मांडला. २३ फेब्रुवारीला उजेड पुन्हा घटायला हवा होता, पण तेव्हा घुमट दुरुस्तीसाठी बंद.

"मावशी, एका ठिपक्यावर ग्रह होत नसतो. ताऱ्यावरचा डाग आहे तो."

"डाग तुझ्या चष्म्यावर असेल, आधी तो पूस."

सगळे हसले, आणि त्याने चष्म्याऐवजी ठिपका पुसला. चारचौघांत बोलायला नको होतं, हे मान्य. पण कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमचे खोडरबर जप्त करायच्या: चुकलं तर एक रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे. हे त्यालाही मीच शिकवलं, तो सात वर्षांचा असताना, याच टेबलावर. (एवढं लिहिताना तीनदा उठून कॅलेंडर पाहून आले.)

ठिपका जागेवर परत आला तर वह्या भाच्याच्या. नाहीतर दुसऱ्या कुठल्याही वेधशाळेच्या.

४. तो खोडरबर मी पर्समध्ये घालून आणला आहे. तो काहीही झालं तरी भाच्यालाच.

साक्षीदार:
घरचे डॉक्टर (सही, रक्तदाब सोडून सर्व ठीक असल्याचा शेरा)
घुमटाचे मेकॅनिक (सही, २३ फेब्रुवारीला घुमट बंदच होता)

लिहून देणार: मावशी (सही)
स्थळ: स्वयंपाकघराचे टेबल. दि. २० मार्च २०२३.

ता. क. भाच्यास: पुढची सावली ६ एप्रिलला. नाही पडली, तर त्या ठिपक्यावर मी स्वतः रेघ मारीन, खालचं दिसेल अशी. पण रेघ मारायला आधी ठिपका हवा. तो परत मांडल्याचं तुझ्या सहीचं पत्र ५ एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. सहा तारखेनंतर कोणीही मान्य करील.