लग्न खरं असल्याचा दाखला

तीर्थरूप आईंना,

सुनेचा साष्टांग नमस्कार. (वर आधी 'सासूबाई' लिहिलं होतं, ते खोडून 'आई' केलं, मग ती खाडाखोड बरी दिसेना म्हणून कागदच नवा घेतला. सात वर्षांत तुम्हाला काय हाक मारायची हेच माझं ठरलेलं नाही. फोनवर मी 'हं, देते हं ह्यांना' एवढ्यावर भागवत आले, हे तुमच्या लक्षात आलंच असणार. तुमच्या लक्षात काय येत नाही?)

तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरता, आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली महिन्याने टाकायची असते ती तीन-तीन महिने पुरवता, असं मला कळलं आहे. कसं कळलं ते पुढे येईलच. तोवर रागवायचं राखून ठेवा, कारण ते या पत्रात कामाला येणार आहे. तुमच्या चिरंजिवांची तब्येत उत्तम. वजन घटलेलं नाही, उलट विजारी घट्ट होऊन सगळे पट्टे एकेक भोक पुढे सरकले आहेत. मीही बरी आहे. एकच अडचण आहे, ती अशी की मी त्यांची बायको आहे हे इथल्या सरकारला पटत नाही, आणि याला मी सोडून दुसरं कोणीही जबाबदार नाही.

सविस्तर सांगते. चिरंजीव इथले नागरिक, आणि मी त्यांची बायको म्हणून मुदतीच्या परवान्यावर. दर दोन वर्षांनी रांगेत उभं राहायचं, बोटांचे ठसे द्यायचे, आणखी दोन वर्षं पदरात पाडून घ्यायची. यंदा कायमचं राहण्याचा अर्ज करायची पाळी आली. छत्तीस पानांचा अर्ज. चिरंजीव म्हणाले, एखाद्या वकिलाला दाखवू या. मी म्हटलं, वकील कशाला, मी आहे ना! (शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं सगळ्यांत नीट घातलेली असत. त्या भांडवलावर मी आजवर जगत आले आहे.) अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तुम्ही माझ्याबद्दल म्हणाला असालच. म्हणाला नसलात तर आता म्हणा.

त्या अर्जाचा सगळा जीव एका प्रश्नात होता. हे लग्न खरं आहे, की परवान्यासाठी नुसतं कागदोपत्री केलेलं आहे? ते वाचताना मला साक्षात तुमचा आवाज ऐकू आला. आमचं लग्न कचेरीत बारा मिनिटांत उरकलं. साक्षीदार कोण, तर घरमालक आणि त्याच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर (त्याने पाना डाव्या हातात तसाच धरून सही केली). आणि तुम्हाला कळवलं ते नंतर, फोनवर. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ह्याला लग्न म्हणत नाहीत, सही म्हणतात. त्यावर मी आठ दिवस धुसफुसत होते. आता सात वर्षं उशिरा का होईना, सरकार तुमच्या मताला आलं. मग तुम्हा दोघांनाही खोटं पाडायला मी पदर खोचून पुरावे गोळा करायला लागले.

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. (तुम्ही शेजारणीला 'कुठल्याशा दवाखान्यात असते' असं सांगता, हेही कळलं.) मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, आम्ही त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, मग पुढे भट्टी आणि घासकाम. आमचे मालक, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, चाळीस वर्षं हेच करत आहेत. मी नवी असताना पहिली कवळी केली, ती अगदी मोत्यांची सर. उस्तादांनी ती उजेडात धरली आणि माझ्या पुढ्यात परत ठेवली. म्हणाले, असे दात देवाने कुणाला दिलेत का? रस्त्यापलीकडून कळेल की कवळी आहे. मग त्यांनी मेण कोमट करून पुढचा एक दात किंचित वळवला, शेजारचा केसभर आखूड केला, आणि ती कवळी एकदम कोणाचे तरी स्वतःचे दात वाटायला लागली. हे मी आता नव्या मुलींना शिकवते, वर पदरचे दोन शब्द ऐकवते. आणि घरी येऊन मी जी फाइल केली, ती पुन्हा मोत्यांची सर!

त्यांना 'संसाराचे निरनिराळ्या काळातले फोटो' हवे होते. आमचे दोघांचे एकत्र फोटो निघाले तीन. एकात माझे डोळे मिटलेले, एकात चिरंजीव अर्धेच, आणि तिसरा प्लंबरच्या पान्याचा, त्यामागे आम्ही. (एका घरात राहणारी माणसं एकमेकांचे फोटो कशाला काढतील? रोज दिसतात की.) मग मी एका रविवारी चिरंजिवांना सकाळी सातला उठवलं, कपड्यांच्या दोन बॅगा भरल्या, शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हरच्या हातात फोन दिला आणि संध्याकाळी पाचपर्यंत सात वर्षांचा संसार उरकला. बागेच्या एका टोकाला कोट-मफलर घालून हिवाळा, दुसऱ्या टोकाला अर्ध्या बाह्यांचा उन्हाळा, एक वाढदिवस, एक खिडकीत चहा पितानाचा. माझा भांग दर वर्षी वेगळ्या बाजूला. वर्षाला एक असे सात फोटो, प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात साल. सगळं साधलं, एक गोष्ट तेवढी नजरेतून सुटली. त्या दिवशी सकाळी कांदा चिरताना चिरंजिवांनी अंगठा कापून घेतला होता, आणि त्यावर निळी पट्टी होती.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. अधिकारी बाई वयस्क, चष्मा गळ्यात दोरीला. त्यांनी सातही फोटो टेबलावर ओळीने मांडले, चष्मा नाकावर चढवला आणि फार काळजीच्या सुरात मला विचारलं, तुमच्या यजमानांची ही जखम सात वर्षांत भरली नाही का? धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं, पण कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती.

मग त्यांनी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मला विचारलं, तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? मी ताठ बसून सांगितलं, आमच्यात भांडण होतच नाही. (तुम्हाला हसू आलं ना? येऊ दे.) पण तुमच्या चिरंजिवांना खोटं बोलता येत नाही. हा तुमचाच संस्कार, त्याने त्या दिवशी माझा घात केला. त्यांनी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या अधिकाऱ्याला पंचवीस मिनिटं भांडण सांगितलं. वार कोणता, आधी कोण बोललं, दार कोणी आपटलं, सगळं. विषय: आई. चार वर्षांपासून तुम्हाला इथे राहायला आणायचं त्यांच्या मनात आहे आणि मी म्हणते घर लहान आहे. (घर लहान आहेच. पण तेवढंच कारण नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.) नवऱ्याचं भांडण होतं आणि बायकोचं होत नाही, असलं जोडपं त्या कचेरीने पहिल्यांदाच पाहिलं असावं. बाई म्हणाल्या, तुमचा एकही कागद मला खरा वाटत नाही. तीस दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं पत्र आणा, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, तुमचा संसार त्यांनी कसा पाहिला ते. नाही आणलं तर अर्ज फेटाळू. आणि अर्ज फेटाळला की साठ दिवसांत मी इथून निघायचं, बाहेरून पुन्हा अर्ज करायचा, दीड-दोन वर्षं वाट पाहायची. मी हे हसतहसत लिहिते आहे, पण रात्री उठून कॅलेंडरवर दिवस मोजते. चिरंजीव नुसते भांडी घासतात, आणि घासून झाली की तीच पुन्हा घासतात.

आता वडीलधारं आमचं आहे कोण? माझ्या माहेरचं कोणी उरलेलं नाही. म्हणजे तुम्हीच. आणि तुम्ही खरं तेच लिहिणार, या विचारानेच मी गार पडले. त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी लग्नाचा मूळ दाखला शोधत होते, तर कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांचा एक खोका सापडला. त्यात तुम्ही चिरंजिवांना लिहिलेली पत्रं. त्रेचाळीस. (दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला शिकवलेलं आहे. म्हणून पहिलं उभ्याउभ्याच वाचलं. उरलेली बसून.) माझं नाव एकाही पत्रात नाही, सगळीकडे 'ती'. तिला सांग, उशांचे अभ्रे उलटे करून वाळवावेत. तिने पाठवलेला स्वेटर टोचतो, रंग बरा आहे. फोनवर तुझा आवाज बारीक वाटला, ती वेळेवर जेवायला घालत नाही का? फोटोत तुझ्या निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण नाही, ती घरात असते की नसते? असं सात वर्षं, तारीख-वार घालून. पहिल्या दहा पत्रांत माझा पारा इतका चढला की चिरंजिवांना बोलवून जाब विचारणार होते. पंधराव्या-सोळाव्या पत्राशी मात्र मला उस्तादांनी वळवलेला तो दात आठवला. अहो, खोट्या सुनेला सात वर्षं बोल कोण लावेल? परवान्यापुरत्या सुनेच्या उशांच्या अभ्र्यांशी कोणाला काय घेणं-देणं? आमचं लग्न खरं असल्याचा याहून मोठा पुरावा कुठे मिळणार? (तुम्ही वाकडा दात आहात असं मला म्हणायचं नाही. ते आपलं कामावरचं डोक्यात आलं. पुढे वाचा.)

मग अठ्ठाविसावं पत्र हाताला लागलं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाचं. तिला महिनाभर ओझं उचलू देऊ नकोस. मऊ भात करायला शीक, कसा करायचा ते मागच्या पानावर लिहिलं आहे. तिला आई नाही, तेव्हा हे सगळं तुझ्याकडे आलं. मी लिहिलंय हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. ऑपरेशननंतर मला नवल वाटलं होतं, की साधं पाणी तापवताना करपवणाऱ्या माणसाला मऊ भात एकाएकी कसा जमायला लागला. मी तिथेच फरशीवर बसून मनसोक्त रडले. आई, मला तेव्हा फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली. सात वर्षं मी धरून चालले होते की तुम्ही मला सून मानतच नाही.

तर विनंती अशी. ही पत्रं तुमची आहेत, ती कचेरीत द्यायला तुमची परवानगी हवी. शिवाय एक ताजं पत्र हवं, तुमच्या सहीचं. त्यात माझं कौतुक एका अक्षराने नको. घरमालकाने मला 'आदर्श पत्नी' म्हणून लिहून दिलं होतं, ते वाचून बाईंनी नुसता चष्मा पुसला. तुम्ही आपलं नेहमीसारखं लिहा. अभ्रे, स्वेटर, बटण, काही म्हणजे काही सोडू नका. लग्नाला बोलावलं नाही हे तर पहिल्या ओळीत घाला. त्याची मी कधी क्षमा मागितली नाही, ती आता मागते. पण पत्र लिहून होईपर्यंत क्षमा करू नका, नाहीतर मजकूर पातळ होईल.

थेंबांची नवी बाटली आजच उघडा. लोभ आहे हे आता पुराव्यानिशी कळलं आहे, तो वाढावा.

तुमची,
'ती'

ता. क. पत्र या महिनाअखेरीपर्यंत पोचायला हवं. बाई खातरी करायला फोनही करतील, सोबत दुभाषा असेल. त्या वेळी कृपा करून गोड बोलू नका. माझ्याबद्दल चुकून माया वाटलीच, तर फोन ठेवल्यावर वाटू द्या.

पुन्हा ता. क. सोबत एक हिरवा कागद आहे, तो तुम्हाला इथे बोलावण्याचा अर्ज. त्यावर चिरंजिवांची सही चार वर्षांपूर्वीची आहे. शेजारी 'घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीची संमती' असा एक चौकोन आहे, तो चार वर्षं रिकामा होता. काल भरला. तुम्ही माझ्यासाठी पत्र लिहा न लिहा, ती सही मागे घेणार नाही. माझा अर्ज फेटाळला गेला तर तुम्ही याच, ते एकटे नुसती भांडी घासत बसतील. आणि मंजूर झाला तरीही या. घर लहान आहे, पण तिघांना भांडायला पुरेल.

शेवटचं ता. क. निळ्या शर्टाचं बटण अजून लागलेलं नाही. काल सुईत दोरा ओवलासुद्धा, मग तसाच ठेवून दिला. लावून टाकलं तर तुम्ही आल्यावर बोलायला सुरुवात कशावरून करणार?