दहापर्यंत मोजणे

२ जून, सोमवार
आजपासून नवी सुरुवात. आमची रेवती सात वर्षांची, ऑटिझममुळे बोलत नाही, म्हणून चित्रांची कार्डं. थेरपिस्ट फुलारी मॅडम संशोधन करतायत, त्यात आमचं घर घेतलंय. नियम सोपा. कार्डं तिच्यासमोर ठेवायची, आपण गप्प बसायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. तिनं स्वतःहून हव्या वस्तूचं कार्ड दिलं की तक्त्यात एक खूण. मी वीस वर्षं कॉलेजात संवादकौशल्य शिकवतो. दहा अंक मला जड नाहीत.

३ जून
तीनपर्यंत मोजले. मग विचारलं, "पाणी हवं का बेटा? दूध? बिस्किट? पाणीच ना?" दिलं. खूण केली. मीनाक्षी म्हणाली, "अहो, तिनं कार्ड कुठं दिलं?" म्हटलं, देणारच होती.

५ जून, सकाळी ८
'गाडी'चं कार्ड माझ्या हेल्मेटमध्ये! घाईत घातलं, कोपरा कपाळाला टोचला. रेवती दाराशीच उभी होती. वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, हे तिला पाच मिनिटं नीट समजावलं. कार्ड डब्यात. कॉलेजला उशीर.

९ जून
पुन्हा तेच. हेल्मेट कपाटावर ठेवलं तर स्टुलावर चढून कार्ड टाकते. शिस्तीचं नंतर बघू.
तक्ता राहिला होता. चार दिवसांच्या खुणा एकदम केल्या. अंदाजे, रोजच्या सहा. एखादी कमीजास्त.

१३ जून
मॅडमचा फोन. आमचा तक्ता सगळ्यांत चांगला! २१ तारखेच्या पालकसभेत बोलाल का, म्हणाल्या. खरं सांगणार होतो. तेवढ्यात हो म्हणून झालं.
एवढी प्रगती आहे, तर सोपी कार्डं काढून घेऊन वाक्यांच्या पट्ट्या सुरू करू, असंही म्हणाल्या.
जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१६ जून
मॅडमच्या सेंटरची बाई कार्डांचा डबा घेऊन गेली, पट्ट्या ठेवल्या. आज हेल्मेट रिकामं. लागली शिस्त!
रेवतीनं दुपारी स्वतःचा हात चावला. उकाडाच.

१८ जून
पुन्हा हात चावला. वळ उठलाय. आणि हेल्मेटमध्ये तिची चप्पल. मी ओरडलो. तर पोछा मारता मारता सारजाबाई मलाच म्हणाल्या, "सर, लेकरू रोज तुमच्या गाडीवर चक्कर मागतंय, अन् तुमी त्याला भाषण देताय व्हय? कार्ड नेलं तर चप्पल टाकली बिचारीनं. अजून काय करावं तिनं?"
मे महिन्यात एकदा तिला गाडीवर गुलमंडीच्या बाजारापर्यंत फिरवून आणलं होतं. रस्ताभर हसत होती. मी विसरलो. ती नाही.

१९ जून
ही वही उलटी चाळली. तिनं मागितलेलं सगळं यात आहे, तक्रार म्हणून. तक्त्यात शहाण्णव खुणा. खरी एकही नाही.
उद्या मॅडमना नक्की सांगणार.

२० जून
सभेचं भाषण पक्कं करायचं होतं. उद्या.

२१ जून
सभेआधी सांगितलं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. बहुतेक दहापर्यंत मोजत होत्या. तिसऱ्यालाच मी उकाड्याचं सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "सर, भाषण राहू द्या. तक्ता मला वापरता यायचा नाही. हा कार्डांचा डबा घरी न्या." परत येताना मीनाक्षी रिक्षात बाहेर बघत होती. मी बोललो.

२२ जून, रविवार
आज कॉलेज नाही. हेल्मेट स्टुलावर, डबा शेजारी. गाडीत पेट्रोल फुल. दहापर्यंत गप्प राहायची शपथ घेऊन बसलो. मीनाक्षी आणि सारजाबाई दारातून बघत होत्या.
रेवती आली. डबा उघडला. 'गाडी'चं कार्ड शोधून हातात धरलं. हेल्मेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मोजत होतो. सहा. सात. मला राहवेना. म्हटलं, "गाडी हवी का बेटा? गाडीच ना? बाबांबरोबर? गुलमंडीला?"
तिनं कार्ड परत डब्यात ठेवलं. झाकण लावलं.
जागच्या जागी.