सातवी शक्यता उघड आहे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखत असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे.) इकडे सगळे ठीक. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? दुकानात शिलाईचं काम तुंबलं आहे असं मागे म्हणाली होतीस, म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे, म्हणजे तुला सवडीने वाचता येईल. विशेष काही काम नाही. सहज आठवण आली. (एरवी येत नाही असं नाही, पण लिहायला निवांतपणा लागतो. सध्या मी आमच्या विभागात तुटक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत बसतो, त्यामुळे निवांतपणा भरपूर आहे. तिथे का बसतो ते पुढे येईलच.)

तुला माहीतच आहे की गेली एकतीस वर्षं मी ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचा अभ्यास करतो. याला मुळात तूच जबाबदार आहेस. मी नऊ वर्षांचा असताना कुठल्याशा मुलीच्या झग्याला लावायची सहा रंगांची बटणं तू माझ्यापुढे ठेवलीस आणि एका ओळीत मांड म्हणालीस. ती सातशे वीस तऱ्हांनी मांडता येतात हे मी संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. (झगा न्यायला आलेल्या बाईंना या शोधाचं काडीचं कौतुक वाटलं नाही.) पुढे मी यातच डॉक्टर झालो तेव्हा भाऊजींनी मला आलेखाच्या वह्यांचा डझन भेट दिला. आमच्या ठिपक्या-रेघांच्या जाळ्यालाही ग्राफच म्हणतात, पण त्याला चौकटीचा कागद लागत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. लोकांचंही तसंच. एकदा प्राचार्यांनी बोलावून परीक्षेचं वेळापत्रक माझ्या गळ्यात घातलं. मी प्रत्येक विषयाचा ठिपका केला, ज्या दोन विषयांना एकच विद्यार्थी बसतो ते ठिपके रेघेने जोडले, आणि परीक्षेला कमीत कमी नऊ दिवस लागतील असं सिद्ध केलं. त्या सिद्धतेत आजही कुणाला चूक सापडलेली नाही. मग कार्यालयातल्या हेडक्लार्कने पेन्सिल घेऊन तेच वेळापत्रक तासाभरात सहा दिवसांत बसवलं. चाळीस मुलांचे दोन-दोन पेपर एकाच वेळी आले. त्यांना भरभर लिहायला सांगण्यात आलं. तेव्हापासून विभागात माझा सल्ला फारसा कुणी विचारत नाही.

तर मुद्दा असा की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रमेय मी दीड वर्षापूर्वी एका नियतकालिकाकडे पाठवलं. त्यात मी असं म्हटलं आहे की एका विशिष्ट जातीचं जाळं कितीही मोठं असलं, तरी त्याचे ठिपके रंगवायला पाच रंग पुरतात. रेघेने जोडलेले दोन ठिपके कधी एका रंगाचे येत नाहीत. (याचा उपयोग काय, असं भाऊजी विचारतील. विचारू देत.) त्यात बारा शक्यता तपासाव्या लागतात. त्यांतल्या अकरा शक्यता मी एक्केचाळीस पानांत तपासल्या आहेत. उरलेल्या एकीबद्दल पान सव्वीसवर एकच वाक्य आहे: सातवी शक्यता उघड आहे. आता असा निबंध छापण्याआधी दोन परीक्षकांकडे जातो आणि ते कोण, हे आपल्याला कळत नाही. पहिल्या परीक्षकांनी निबंध चांगला असल्याचं दीड ओळीत कळवलं. दुसऱ्यांनी कळवलं की सातवी शक्यता उघड असल्याचं लेखक म्हणतात, मी तीन आठवडे प्रयत्न केला, मला ती दिसली नाही, तरी कृपया लिहून दाखवावी.

मी मोठ्याने हसलो. चहा घेऊन लिहून टाकू म्हटलं. त्या चहाला आज एकोणीस दिवस झाले. पहिल्या दिवशी मला त्या परीक्षकाची कीव आली. तिसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. आठव्या दिवशी मी घरातली तिन्ही कपाटं रिकामी केली. (त्यात तुझी हरवलेली मोठी कात्री सापडली. ती मी नेली नव्हती, या माझ्या जुन्या विधानाचा फेरविचार करायला मी तयार आहे.) साडेचार वर्षांपूर्वीची वही सापडली, त्यात ते पानही सापडलं. त्यावर तारीख आहे आणि खाली लिहिलं आहे: सातवी शक्यता झाली! फारच सुंदर! पुढे कोरं. तुझी भावजय औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे जे नोंदलं नाही ते झालंच नाही असं धरतात. तिने ते पान दोनदा वाचलं, वही मिटली आणि कपाटं पुन्हा भरायला घेतली. शेजारच्या टेबलावरच्या कलनवाल्यांचा (हे कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवतात, म्हणून आम्ही त्यांना कलनवालेच म्हणतो) सल्ला असा की ते वाक्य काढून 'सातवी शक्यता वाचकांनी स्वतः तपासावी' असं घालावं. त्यांची स्वतःची कारकीर्द अशीच उभी राहिली आहे म्हणे.

एवढंच असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझी एक विद्यार्थिनी आहे. पाच वर्षं माझ्या हाताखाली काम करते आहे. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या प्रमेयावर उभं आहे, आणि चौथं-पाचवं तिसऱ्यावर. पुढच्या महिन्यात तिची तोंडी परीक्षा आहे. त्यानंतर दूरच्या गावी तिची नोकरी ठरली आहे, खोली ठरली आहे, सामान पुढे गेलं आहे. सातवी शक्यता पडली तर हे सगळं पडतं. तिला सांगायलाच हवं. मी चार वेळा सांगायला गेलो आणि चारही वेळा तिच्या आईच्या तब्येतीची चौकशी करून परत आलो. (त्या बाईंच्या रक्तदाबाविषयी आता मला त्यांच्या डॉक्टरांच्या खालोखाल माहिती आहे.) मग मी तिला चुकवू लागलो. सामानाच्या लिफ्टने वर जातो, मागच्या जिन्याने उतरतो, मधला वेळ खुर्च्यांच्या खोलीत काढतो. मला फार लाज वाटते, ताई. एकतीस वर्षं लोकांना 'म्हणजे काय, नीट सांगा' म्हणत आलो, आणि पोरीची पाच वर्षं मी माझ्याच एका शब्दावर टांगून ठेवली.

असो. माझं रडगाणं पुरे. कंबरेला शेक घेत जा आणि मशीनवर एकसारखी बसू नकोस. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. १: आता लिहितोच आहे तर एक किरकोळ गोष्ट. वहीतली ती तारीख मी तुझ्याकडे राहायला आलो होतो त्या दिवसांतली आहे. तू गिऱ्हाइकाचं माप घ्यायला बाहेरच्या खोलीत होतीस आणि तुझ्या कापायच्या टेबलावर एक भलामोठा खाकी कागद पसरलेला होता. मला एवढंच आठवतं, की तू तिथूनच ओरडलीस, ''अरे, त्याच्यावर तुझ्या भाऊजींचा कोट कापायचाय!'' आणि मी म्हटलं, ''पाचच मिनिटं.'' कोटाचं ते कागदी कटिंग तू अजून खुंटीला टांगून ठेवलं असशील. सिद्धता बहुधा पाठीवर सुरू होते, डाव्या बाहीवरून जाते आणि निष्कर्ष कॉलरवर असावा. सगळे तुकडे जपून पाठव, आणि डावी बाही कुठली ते लिहून ठेव, कारण बाह्यांची अदलाबदल झाली तर प्रमेय खोटं ठरेल.

ता. क. २: भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. माझ्या संशोधनाचा उपयोग काय हे ते इतकी वर्षं विचारत आले आहेत. त्यांच्याच अंगातला कोट त्यावरून बेतला गेला, हे त्यांना कळता कामा नये.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तेवढ्यात माझी विद्यार्थिनी खुर्च्यांच्या खोलीत आली. मला शोधत नव्हती. वर दुसऱ्या एका मुलाच्या तोंडी परीक्षेच्या खोलीत एक खुर्ची कमी पडत होती, म्हणून त्यातल्या त्यात धड अशी एक न्यायला आली होती. आता पळायला जागा नव्हती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती खुर्ची धरून उभी राहिली आणि म्हणाली, ''सर, ती सातवी शक्यता मी दुसऱ्या वर्षीच केलीय. प्रबंधात परिशिष्टात आहे, पान एकशे बारा.'' मी पान एकशे बारा काढलं. चार ओळी आहेत. वाचल्यावर खरोखरच उघड आहे. मी विचारलं, याला किती वेळ लागला? म्हणाली, पाच महिने. मग मला का विचारलं नाहीस? तर म्हणाली, ''तुम्ही पहिल्या खर्ड्यातच उघड आहे म्हणून लिहिलं होतं. मला वाटलं सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही. एकदा तर सगळं सोडून घरी जायचं ठरवलं होतं.'' त्या पानाच्या खाली, तपासलं म्हणून, माझी सही आहे. खुर्ची तिच्या हातातून घेतली आणि दोन मजले चढून वर ठेवून आलो.

ता. क. ४: हे पत्र टाकायचं आणखी दोन दिवस राहिलं. निबंधावर आता तिचं नाव आहे, माझ्या आधी. दुसऱ्या परीक्षकांनाही संपादकांमार्फत आभाराचं लिहिलं. मग माझे जुने निबंध काढून बसलो. एकोणीस निबंधांत मिळून मी 'उघड आहे' असं त्रेसष्ट वेळा लिहिलं आहे. बेचाळीस ठिकाणी मला आजही दिसतं. उरलेल्या एकवीस ठिकाणी जगात कुठेतरी कुणीतरी पोर पाच-पाच महिने बसलं असेल, आणि त्यातलं कुणी खरंच घरी निघून गेलं असेल, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. तेव्हा ताई, कोटाचं राहू दे. गेल्या एकतीस वर्षांत मी जेव्हा जेव्हा तुझ्याकडे राहायला आलो, तेव्हा तू ज्यांचे ज्यांचे कपडे कापलेस, त्या सगळ्यांचे कागद पाठव.