लिनक्स हरले नव्हते

मी, दीपमाला निंबा भदाणे, वय एकोणतीस, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. उलट सगळे घर मला लिहू नको म्हणत आहे.

कारण असे, की सोमवारी धुळ्याला माझ्या पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधे आहे. पण संमतीपत्रावर बारीक अक्षरात काय काय होऊ शकते ते छापले होते आणि मी ते पूर्ण वाचले. "ताई, हे वाचणाऱ्या तुम्हीच पहिल्या," असे नर्स म्हणाल्या. आमच्या घरात शाळेत गेलेलीही मीच पहिली. त्यामुळे आलेला कागद वाचणे आणि वाचून घाबरणे, ही दोन्ही कामे लहानपणापासून माझ्याकडेच आहेत.

१. घर वडिलांच्या नावावर आहे. जे माझे नाही ते मी देत नाही.

२. बँकेत जे काही असेल ते आई, यशोदाबाई, हिला द्यावे. तिला त्या पैशांतून नवे मंगळसूत्र करण्याचा हट्ट धरू देऊ नये. तिला मोतीबिंदूचे ऑपरेशन हवे आहे.

३. माझा लॅपटॉप बहीण रूपा हिला द्यावा. येथे एक गोष्ट कबूल करते. मी गावभर संगणक चालवणाऱ्या फ्रीबीएसडी या सिस्टिमचा प्रचार करते, पण या लॅपटॉपमध्ये गेली तीन वर्षे तिची प्रतिस्पर्धी सिस्टिम लिनक्स आहे. प्रिंटर दुसऱ्या कशावर चालेना.

४. पेचकसांचा संच आणि नेटवर्कची वायर दाबायची पक्कड झुलालभाऊ वायरमन यांना देते. दोन्ही वस्तू सन २०२१ पासून त्यांच्याकडेच आहेत. आता त्यांनी मला पाहून रस्ता बदलू नये.

५. धुळ्यातील ज्या क्लासच्या सरांनी "मुलींनी टायपिंग करावे, सिस्टिमच्या भानगडीत पडू नये" असे म्हटले होते, त्यांना त्यांच्या नोट्समधील एकवीस चुकांची यादी द्यावी. ती मी पान क्रमांकासह टाईप केली आहे.

६. गावच्या अभ्यासिकेतील अकरा जुने संगणक माझे नाहीत, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. पण त्या सर्वांवर आज फ्रीबीएसडी आहे ते माझ्यामुळे, आणि ते न्यायाने झालेले नाही. पुढील कलम त्यासाठी आहे.

७. राजदीप चिंधा तायडे, मोबाईल दुरुस्ती, बसस्टँडजवळ, हा आणि मी अभ्यासिकेत दर रविवारी मुलांना शिकवत असू. तो लिनक्सचा, मी फ्रीबीएसडीची. दोन्ही फुकट, दोन्ही युनिक्स नावाच्या एकाच जुन्या सिस्टिमच्या वळणाची. म्हणूनच भांडण संपत नसे.

तो म्हणे, "भदाणे मॅडम, तुमच्या बीएसडीला वायफाय सापडेपर्यंत माझं दळण दळून होतं."

मी म्हणे, "तुझ्या लिनक्सचे शंभर प्रकार. एका घरात शंभर सुना, प्रत्येकीची चूल वेगळी. माझ्याकडे सगळं एकाच हातचं, आणि काय कुठे ठेवलंय ते पुस्तकात लिहिलेलं."

"पुस्तक वाचायला तुमच्याशिवाय आहे कोण?"

मग सिस्टिम कोणी कशी वापरावी, वाटावी, त्या परवान्यावरून जुंपे. माझ्या बाजूचे म्हणतात, विहिरीचे पाणी कोणीही न्या. त्याच्या बाजूचे म्हणतात, न्या, पण तुम्ही विहीर खोल केलीत तर ते पाणीही सर्वांचे. यात त्याचे म्हणणे चांगले होते. मी तसे कधी म्हटले नाही.

शेवटी पैज लागली. एकसारखी दोन मशीन, एकावर त्याचे लिनक्स, एकावर माझे फ्रीबीएसडी, आमच्या ओसरीत एकाच इन्व्हर्टरवर २६ जानेवारी २०२३ ला चालू केली. जे आधी बंद पडेल ते हरले. हरणाऱ्याची सिस्टिम अभ्यासिकेतून जाईल आणि हरणारा पुन्हा वाद घालणार नाही.

दोनशे सत्तराव्या दिवशी खंडेनवमी होती. आईने विळा, कोयता, पाट्याचा वरवंटा पुजला आणि हळदकुंकू घेऊन ओसरीत आली. मी आतून आले तेव्हा तिने राजदीपच्या मशीनचे भिंतीवरचे बटण बंद करून त्यावर पाणी शिंपडले होते आणि तिचा हात माझ्या बटणाकडे निघाला होता. मी ओरडले.

"आई, काय केलंस!"

"चालू डब्बावर पानी टाकू का मी? पाव्हनाना डब्बा पहिले पुजाना. आते तुना."

"माझा बंद करू नकोस!"

"का वं? ज्यानावर पोट चालस, त्यानी पूजा करनीच पडस."

माझे मशीन तिने चालूच ठेवून, लांबून अक्षता टाकून पुजले. राजदीपचे बटण तिने पुन्हा लावले, मशीन आपोआप सुरू झाले.

रविवारी राजदीप आला. त्याच्या मशीनवर सलग चालल्याचा फक्त सहा दिवसांचा आकडा होता. त्याने नोंदी उघडल्या. त्या मध्येच तुटलेल्या. त्याने विचारले, "वीज गेली होती का?" मी म्हटले, "नाही." हे अक्षरशः खरे आहे. वीज गेली नव्हती. आयुष्यात एवढे खरे आणि एवढे वाईट वाक्य मी दुसरे बोललेले नाही.

तो शब्दाचा पक्का. अकरा मशीनवरून त्याने स्वतःच्या हाताने लिनक्स काढले आणि त्यानंतर दोन वर्षे अभ्यासिकेत पाऊल ठेवले नाही. मुले विचारतात, राजदीप सर का येत नाहीत. मी म्हणते, त्यांना दुकान असते.

तरी त्या पैजेचा निकाल मी रद्द करते. आईला कोणी दोष देऊ नये. तिने पाहुण्याचा मान राखला.

८. वरील कलम लिहून मला हलके वाटले. मग शंका आली. मृत्युपत्र उघडतात माणूस गेल्यावर. म्हणजे मी मेले तर खरे बाहेर येणार आणि जगले तर कपाटात राहणार. खरे बोलायचे, पण बोलणी खायला हजर राहायचे नाही, अशी सोय मी स्वतःला करून घेत होते. म्हणून कलम सात आजपासूनच लागू आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, असे वकीलकाका म्हणाले. या मृत्युपत्राच्या साक्षीदारांनी तो वाचूनच सही करायची आहे. दुसरा साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असेही काका म्हणाले. म्हणून राजदीपला मी एक स्क्रूसुद्धा ठेवलेला नाही.

ठिकाण पिंपळनेर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५.
सही: दीपमाला निंबा भदाणे

साक्षीदार १: अभिमन देवरे, निवृत्त तलाठी. सर्व वाचले. संगणकाचे कळले नाही, बाकीचे कळले. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: राजदीप चिंधा तायडे. कलम सात तीनदा वाचले. सही माझ्यासमोर झाली. मी दोन वर्षे माझ्याच सिस्टिमला दोष दिला. मॅडमना माफ केलेले नाही. रविवारी सकाळी अभ्यासिकेची किल्ली दुकानावर पाठवावी. अकरापैकी सहा मशीनवर लिनक्स टाकत आहे, पाच त्यांना ठेवतो. ही वाटणी मान्य नसेल तर त्यांनी ऑपरेशन करून घरी यावे आणि समोर उभे राहून भांडावे.