कमिटीला माफीपत्र मिळणार नाही

मी, पुष्पावती शांतवन भिंगारदिवे, वय वर्षे ५९, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, कायम राहणार अहमदनगर, हल्ली मुक्काम कर्जतजवळील दुष्काळी काम, देवाला साक्षी ठेवून हे मृत्युपत्र स्वहस्ते व राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे नगरच्या चर्चच्या, पंच कमिटीला त्याविषयी शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचे दुखणे आहे, असेही त्यांनीच लिहिले आहे.

१. आधी घडले ते सांगते, म्हणजे पुढची वाटणी कळेल. निवृत्तीनंतर सहा महिने मी रोज एकच मागणे मागत होते, प्रभू, आता कोणती वाट धरू? गेल्या नोव्हेंबरात कर्जतच्या महिला मेळाव्यात ‘ख्रिस्ती सेवा’ या विषयावर भाषण द्यायला निघाले. वाटेत एस.टी. पंक्चर झाली. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बाया धावत आल्या. ढिगामागे रंगुबाई नावाची मजूर बाई अडली होती, मूल पायाळू. माझ्याजवळ काहीच सामान नाही, असे मी म्हणाले. तिची सासू झुंबरबाई म्हणाली, "हात हायेत न्हवं?"

तीन तासांनी मुलगी झाली आणि रडली. एस.टी. केव्हाच निघून गेली होती. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही, पण मला उत्तर मिळाले होते. आठ दिवसांत नगरच्या घराला कुलूप लावून मी इथे राहायला आले. आजवर बावीस बाळंतपणे केली. दोन मुले हाती लागली नाहीत, ती मला रोज आठवतात.

२. मेळावा चुकवल्याबद्दल कमिटीने खुलासा मागितला, तो मी दिला. मग चेअरमन आनंदराव साळवे स्वतः जीपमधून आले. बाया दगडांवर बसून सुकडी खात होत्या. त्यांच्यादेखत त्यांनी मला विचारले, "मंडळीत घ्यायला किती नवी नावं मिळाली?" अडलेल्या बाईला मी नाव विचारत बसत नाही, असे मी सांगितले. पुढच्या रविवारी उपासनेत मला भरकटलेली म्हणून जाहीर केले. ज्या बाकांवरून ते ऐकले गेले, त्यांवरच्या निम्म्या माणसांना या हातांनी जगात आणले आहे. एकही जण उठून उभा राहिला नाही. हे मी क्षमा केले आहे, असे लिहिणार होते. खोटे कशाला लिहू? अजून केलेले नाही.

३. नगरचे दोन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. त्यात रंगुबाईने राहावे आणि खेड्यांतून बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायांना उतरू द्यावे. जात-धर्म विचारू नये. पोस्टातली शिल्लक त्याच कामी लावावी.

४. पुतण्या शमुवेल याने या घरासाठी, माझे डोके फिरले आहे, असा कमिटीला माझ्याविरुद्ध अर्ज लिहून दिला. त्याला घरातली एक वीटही देऊ नये. त्याची बहीण लीना सुट्टीत इथे येऊन माझ्याबरोबर राबली. माझी सुईणकामाची बॅग, कात्री, वजनकाटा तिचा. कात्री उकळल्याशिवाय वापरू नको, पोरी.

५. माझे पती शांतवन यांच्या कबरीशेजारची जागा मी बारा वर्षांपूर्वी राखून ठेवली होती. माफीपत्र लिहून दिल्यास ती मिळेल, असे कमिटीने गेल्या आठवड्यात कळवले. पत्र वाचून मी दिवसभर रडले. मेलेल्या नवऱ्याजवळच्या साडेतीन हात जमिनीसाठी, देवाने दाखवलेली वाट चुकीची होती असे लिहून देऊ? देणार नाही. शांतवन असते तर तेही म्हणाले असते, लिहू नको.

६. म्हणून मला नगरला नेऊ नये. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांच्या कबरस्तानात जागा देऊ केली आहे, तिथेच मला पुरावे. बायांनी हजेरी बुडवून येऊ नये. कामाची सुट्टी होईपर्यंत मला थांबवून ठेवावे. बायांसाठी थांबायची मला सवय आहे. कमिटी आली आणि तिला घाई असली, तर तिने पुढे निघावे.

ज्यांना काही दिले आहे त्यांची साक्ष चालत नाही, असे वकिलांनी सांगितल्याने रंगुबाईचा अंगठा घेतलेला नाही. खालील दोघांसमक्ष वाचून सही केली.

सही: पुष्पावती शां. भिंगारदिवे

साक्षीदार:
१. झुंबरबाई कानिफनाथ शिंदे (डाव्या हाताचा अंगठा)
२. नृसिंह मार्तंड कुलकर्णी, हजेरी कारकून (सही)

मुक्काम कर्जत, जिल्हा अहमदनगर
दिनांक १८ मार्च १९७३