एकशे सतरा नंबरचा फोटो

ओकिनोउरा,
२ फेब्रुवारी २०२१

चि. चिहारूस, मावशीचे अ. उ. आ.

तू बनवून दिलेली वेबसाइट माझ्या कामाची नाही. एक फोटो चढवायला दहा खिडक्या उघडा, आणि चुकून बोट लागलं की सगळं पान वाकडं. फुकट आहे, हवं ते करता येतं, म्हणालीस. हवं ते कोणाला करायचंय? मी नववी संपल्यावर मासे चिरायला लागलेली बाई.

दुसरं त्याहून वाईट. सगळ्यांचे चेहरे तू धूसर केलेस. त्सुनामीची लाट ओसरल्यापासून दहा वर्षं आम्ही बायका ढिगाऱ्यात सापडलेल्या फोटोंवरचा चिखल मऊ ब्रशने काढतोय, तो चेहरा दिसावा म्हणूनच ना? आता ओनोदेरा आजीने नवरा कशावरून ओळखायचा, चपलांवरून?

हे फोटो धुऊन मांडून ठेवलेत तो आमचा हॉल बंद होतोय. मालक न सापडलेले दोनशे चौदा फोटो ११ मार्चला देवळात अग्नीला द्यायचे. त्याआधी लोकांना दिसायला हवेत. मला झेपेल अशी वेबसाइट शोध.

रागावले तरी माया आहे, हे धरून चाल.
तोकिएमावशी

ओसाका,
७ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

चुकलंच. मला सोपी वाटली ती निवडली, तुझा विचार केला नाही. चेहऱ्यांचं म्हणशील तर, न विचारता कुणाचा चेहरा टाकला की लोक तक्रार करतात, म्हणून ऑफिसात आम्ही सगळेच झाकतो. तेही यंत्राकडून. मी एकही फोटो पाहिला नाही.

नवीन वेबसाइटवर फक्त फोटो, नंबर आणि सापडल्याची जागा भरायची. चेहरे उघडेच राहतील. फुकट असल्यामुळे खाली जाहिरात येणार, त्यावरून मात्र मला बोलू नकोस.

हॉलवर मी कधी आले नाही. आई लाटेत गेल्यापासून तिकडे पाय वळत नाहीत. समजून घे.

तुझी,
चिहारू

ओकिनोउरा,
२७ फेब्रुवारी

चि. चिहारूस, अ. उ. आ.

जमलं. दोनशे चौदाही मी एकटीने चढवले. खाली वजन उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात येते. ओनोदेरा आजीने नवरा ओळखला आणि म्हणाली, "असू दे. जाडाच होता." फोटो रुमालात गुंडाळला, वाकून नमस्कार केला आणि गेली.

आता तू एकशे सतरा नंबर बघ. शाळेचा क्रीडादिन आहे. बाईचा चेहरा पाण्याने नेलाय. उरलाय तो हात, मुलीच्या लाल टोपीची नाडी बांधणारा. मुलगी स्वच्छ दिसते, पुढचे दोन दात पडलेली. मागच्या खेपेला तू झाकलेला तो चेहरा तुझाच.

मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पण मागितल्याशिवाय फोटो कुणाच्या हातात ठेवायचा नाही, हा आमचा नियम. काहींना बघवत नाही. म्हणून गप्प राहिले. आज नियम मोडते, कारण दिवस उरले नाहीत.

ये म्हणत नाही. हवा असेल तर पोस्टाने पाठवीन. नको असेल तर अग्नीत मीच ठेवीन, माझ्या बहिणीचा हात दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही. हो की नाही, तेवढं ८ मार्चच्या आत कळव.

तोकिएमावशी