मालकाचं नाव भरा

सोमवार, ३ मार्च २०२५

एकतीस मशीनं ‘भाऊ’च्या नावावर! आणि कंपनीत भाऊ किती? गेटवरच्या वॉचमनपासून प्लँट मॅनेजरपर्यंत सगळेच भाऊ. आता हा कुठला भाऊ, मी कोणाला विचारू?

क्लाउडवर आपली एकशे चाळीस मशीनं चालतात. चालतात म्हणजे लांब कुठेतरी दुसऱ्याच्या इमारतीत, आपण जालन्यात बसून नुसती वापरायची. कुठलं कोणाचं, कशासाठी, कोणालाच पत्ता नाही. बंद करायलाही भीती वाटते, न जाणो कोणाचं काम अडायचं. गावाच्या लेबलात कोणी ‘jalna’ लिहिलंय, कोणी ‘Jalana’, कोणी ‘JLN’. एका महाभागाने लिहिलंय ‘येथे’. येथे!

बियाण्याची कंपनी आहे ही. लेबल नसलेली एक पिशवी गेटबाहेर जात नाही, आणि मशीनांना मात्र धड लेबल नाही. पुण्याच्या हेड ऑफिसातून एकता मॅडम म्हणाल्या, “श्रेयांस, २१ तारखेपर्यंत सगळं लावून द्या.” मी लगेच हो म्हटलं. नेहल म्हणते, तुमच्या तोंडातून ‘हो’ आधी निघतं आणि डोकं मागून येतं. बायको आहे, बोलणारच.

बुधवार, ५ मार्च

प्रोग्राम झाला! प्रत्येक मशीनला चार लेबलं — गाव, विभाग, काम, मालक. गाव आणि विभाग प्रोग्रामच भरणार, एकाच पद्धतीने. ‘येथे’चा कारभार संपला. काम आणि मालक माणसाने भरायचे. मग मालकाला रोज मशीनचा मेसेज जाणार. २१ तारखेला संध्याकाळी ज्याचा मालक रिकामा, ते मशीन बंद. आणि एकदा नाव लागलं की दुसऱ्याच्या नावावर करायचं ते फक्त त्या मालकानेच. मीसुद्धा नाही. हा नियम माझ्या डोक्यातून आलाय आणि मला तो फार आवडलाय.

फॉर्म मुद्दाम मराठीत केला. ‘Owner’चं ‘मालक’. लॅबमधल्या बायकांना सोपं जावं म्हणून. स्वतःवर बेहद्द खूश आहे आज.

शनिवार, ८ मार्च

चेष्टा करतात का माझी?

उगवण लॅबमधून आलेले फॉर्म. मालक — ‘हे’. मालक — ‘सोनूचे पप्पा’. मालक — ‘कामावर गेलेत’. एकीने नुसती लाजल्याची इमोजी टाकलीय!

ग्रुपवर जरा कडक लिहिलं, की हा ऑफिसचा फॉर्म आहे, गंमत नाही. मग लिहायची भानगडच ठेवली नाही. कंपनीच्या सगळ्यांच्या, अगदी टेम्पोवाल्यांच्याही नावांची यादी टाकली. खाली ओढा, नाव निवडा, दाबा. आता बघू कोण इमोजी टाकतं.

सोमवार, १० मार्च

एकशे चाळीसपैकी एकशे चाळीस. सगळं हिरवंगार! दहा वेळा उघडून बघितलं.

बुधवार, १२ मार्च

मॅडमचा फोन. यादी चाळताना त्यांना ‘उगवण-२’ नावाचं मशीन सापडलं. लॅबमध्ये ट्रेमध्ये बी लावतात, शंभरातलं किती उगवलं ते मोजतात. हे मशीन ट्रेचा फोटो बघून कोंब मोजतं. तीन हंगामांचे रोजचे फोटो, आणि जिथे मोजणी चुकली तिथे कोणीतरी हाताने दुरुस्त केलेली. हजारो ठिकाणी! म्हणून आता ते चुकतच नाही म्हणे. पुण्याच्या पोरांना जे दोन वर्षांत जमलं नाही, ते इथे कोणीतरी गुपचूप करून ठेवलंय.

मॅडम भलत्याच खूश. “ज्यांच्या नावावर आहे त्यांना कायम करू. पुण्याला ट्रेनिंग. २१ तारखेच्या यादीत जे नाव असेल, तेच ऑर्डरवर जाईल.”

नाव बघितलं — सर्जेराव. सर्जेराव म्हणजे टेम्पोवाले सर्जेराव?

गुरुवार, १३ मार्च

आज हसून हसून पोट दुखलं, आणि मग लाजही वाटली. नीट लिहून ठेवतो.

सकाळी सर्जेराव स्वतःच आले. मोबाइल पुढे धरलेला.

“साहेब, तीन दिसापासून मेसेज येऊन राह्यलेत. ‘तुमचे मशीन व्यवस्थित चालू आहे.’ माझं मशीन कोणतं? टेम्पो तर गेटवर उभा हाय, बंद!”

कोणी निवडलं हे नाव, बघितलं. बेबीनंदाताईंच्या लॉगिनवरून. लॅबमध्ये ट्रे धुण्यापासून मोजणीपर्यंत सगळं करतात त्या, रोजंदारीवर. सर्जेराव त्यांचे यजमान, एवढं माहीत होतं. लॅबमध्ये जाऊन विचारलं, “ताई, यांचं नाव का टाकलं?”

“तुमीच लिव्हलं न्हाई का भैया — मालकाचं नाव भरा. मंग मालकाचंच भरलं.”

“अहो, मालक म्हणजे मशीनचा मालक!”

“मशीन माझंच हाय की. मंग माझे मालक कोण?”

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मालक म्हणजे नवरा! आमच्या घरी मारवाडी बोलतात म्हणून काय झालं, जन्म जालन्यात गेलाय माझा. रोज कानावर पडतो हा शब्द आणि फॉर्म करताना आठवला नाही.

“अन् आधी ‘हे’ लिहिलेलं ते कोण?”

“ते बी हेच. नाव कसं घ्यायचं? नंतर तुमी यादी देल्ली. त्याच्यात तोंडानं घ्यायचं न्हाई, नुसतं बोटानं दाबायचं. मंग दाबलं!”

ग्रुपवर मी या बायकांना रागावलो होतो. माफी मागितली. ताईंनी चहा पाजला.

आणि ते मशीन? दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेनिंगमध्ये एकदा दाखवलं होतं, तेवढ्यावर ताईंनी सुरू केलं. रोज फोटो, रोज दुरुस्ती. “ते कोंब मोजायला शिकू राह्यलं होतं भैया, मधीच कसं सोडायचं?” असं म्हणाल्या. मला एकदम फार माया वाटली त्यांच्याबद्दल. अगदी मावशीबद्दल वाटावी तशी.

घरी नेहलला सांगितलं तर हसताना तिच्या हातातली पोळी पडली. स्वतः मात्र आईसमोर मला अजून ‘सुनो जी’ म्हणते!

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. काम नाही. कानात अजून रंग आहे.

सोमवार, १७ मार्च

ताई ऐकत नाहीत. सगळं समजावलं. २१ला यादीत नाव नसेल तर कायमची नोकरी टेम्पोवाल्यांना जाईल, ज्यांनी तो ट्रे कधी हातात घेतलेला नाही. ट्रेनिंगचं पत्रही त्यांनाच.

“तुमच्या नावावर करू ना?”

“नगं भैया. मालक म्हणून माझं नाव लागलं तर टेम्पोस्टँडवर लोक ह्यांना काय म्हणतील? बायको मालक, अन् हे?”

“मी माझ्याकडून बदलतो. कोणाला कळणार नाही.”

“ह्यांना न इचारता? मंग ती चोरीच झाली की.”

प्रोग्रामच्या दोन ओळी खोडल्या की काम झालं असतं. आल्यावर लॅपटॉप उघडला. खोडल्या नाहीत. मॅडमना फोन लावून सांगितलं, की यादी चुकलीय, काम ताईंचं आहे. त्या म्हणाल्या, “असेल. पण नियम तुमचाच आहे ना श्रेयांस? मालकानेच नाव बदलायचं. मी पहिल्याच महिन्यात मोडू का?” माझा लाडका नियम!

मंगळवार, १८ मार्च

सर्जेरावांना गाठलं. पोती चढवणं चालू होतं. सगळं सांगितलं — फोटो, तीन हंगाम, पुणे, नोकरी. ऐकून घेतलं, दोरी आवळत राहिले.

“तिनं केलं हे समदं? मला वाटायचं, मोबाइल बघत बसती.”

एवढंच बोलले. मग मंठ्याचा माल पोचवायचाय म्हणून टेम्पो काढला. ‘हो’ही म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. मी धुरळ्यात उभा.

त्यांचा राग येत नाही मला. चांगला माणूस आहे. पण कायमची नोकरी कोणाला नको असते? ट्रेनिंगचं पत्र हातात पडलं तर परत देतील? मी दिलं असतं का?

गुरुवार, २० मार्च

काही हालचाल नाही. ताई रोजच्यासारख्या फोटो काढताहेत. उद्या शेवटचा दिवस.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी आठलाच सर्जेराव लॅबच्या दारात. चप्पल बाहेर काढली. मोबाइल माझ्याकडे दिला नाही, स्वतःच धरला. “कुठं दाबायचं तेवढं दावा.” यादी खाली ओढली, बोट थांबलं, आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाले, “बेबीनंदा.” मग दाबलं. ताईंनी वरही बघितलं नाही, पण हातातला ट्रे खाली ठेवला.

जाताना मला दाराबाहेर बोलावलं. “साहेब, वडीगोद्रीच्या घराच्या उताऱ्यावर बी मालकाचा रकाना ऱ्हातो. त्यो कुठून बदलत असतेत?”

ग्रामसेवकांचा नंबर दिला. सोमवारी मीही बरोबर येतो म्हटलं.

“या. पण तिला आत्ताच सांगू नका,” म्हणाले.